केशसंस्कार : शिकेकाईपासून गवारीच्या डिंकापर्यंत

राज्ये, लढाया आणि तह यांचा इतिहास विद्यार्थ्यांस शाळेत शिकविला जातो. न्हाणीघराचा इतिहास मात्र कोणी शिकवीत नाही. वस्तुतः माणसे रोज काय खातात, काय नेसतात आणि कशाने न्हातात, यांवरून त्या समाजाच्या व्यापाराचा, शास्त्राचा आणि शेजारधर्माचा जेवढा बोध होतो, तेवढा कित्येकदा बखरींवरूनही होत नाही. केस धुणे आणि केस मऊ राखणे ह्या अगदी घरगुती गोष्टींचा इतिहास असाच बोधप्रद आहे. तो पाहण्यास फार दूर जावयास नको. मुंबईहून कल्याणास आणि तेथून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावे ओळीने लागतात. ह्या थोडक्या मैलांच्या टापूत ह्या इतिहासाचे बहुतेक टप्पे खुणा ठेवून गेले आहेत.

प्रथम केस म्हणजे काय, हे थोडक्यात ध्यानी घेतले पाहिजे. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा तंतू होय. त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात व ते घरावरील कौलांप्रमाणे एकावर एक बसविलेले असतात. कौले नीट बसली असली म्हणजे केस चकचकीत दिसतो आणि फणी सहज फिरते. ती उचकटली म्हणजे केसात केस अडकतो, गुंता होतो, आणि विंचरताना तो तुटतो. खवल्यांवर निसर्गाने स्निग्ध द्रव्याचा एक अत्यंत पातळ लेप दिलेला असतो. मळ काढावयाचा म्हटला की तो लेपही थोडाबहुत निघून जातो. सबब धुण्याच्या क्रियेने जे हिरावले, ते कोठून तरी भरून काढावे लागते. आजच्या बाजारात ज्यास कंडिशनर म्हणतात, त्याचे काम एवढेच आहे. नाव नवे असले तरी गरज फार जुनी आहे.

अंबरनाथचे शिवालय शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमारास, कोकणच्या शिलाहार राजांच्या काळी पूर्ण झाले, असे तेथील शिलालेखावरून समजते. ते वालधुनी ह्या लहानशा नदीच्या काठी उभे आहे. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा ह्याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने कोणकोणते भोग कसे घ्यावे हे सांगताना त्यात स्नानाचा व अभ्यंगाचा विचार आला आहे. डोक्यास आधी सुगंधी तेल जिरवावे आणि मागाहून ते वनस्पतींच्या चूर्णांनी काढावे, हा आपल्याकडील क्रम किती जुना आहे, हे अशा ग्रंथांवरून कळते. नरकचतुर्दशीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान हा त्याच क्रमाचा घराघरांत टिकून राहिलेला अवशेष होय.

कोकणच्या आणि मावळाच्या घरांत हे काम दोन वस्तूंनी होत असे : खोबरेल आणि शिकेकाई. शिकेकाई ही सह्याद्रीच्या रानांत मोठ्या झाडांवर चढणारी काटेरी वेल. तिच्या नावातील 'काई' हा अंश दक्षिणेकडील भाषांत फळाचा वाचक आहे. तेव्हा हा शब्द आपल्याकडे घाटाखालच्या व कर्नाटकाच्या व्यापाराबरोबर आला असला तर नवल नाही. तिच्या वाळलेल्या शेंगांत पाण्यात फेस आणणारे द्रव्य असते. शेंगा कुटावयाच्या, त्यांत आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी, थोडी मेथी आणि कधी संत्र्याची वाळकी साल घालावयाची, ती पूड पाण्यात कढवावयाची आणि कोमट असताना तिने न्हावयाचे, ही रीत वडीलधाऱ्या स्त्रियांस पाठ असे. शिकेकाईचे पाणी किंचित आंबट असते. आंबट पाण्याने केसांचे खवले मिटून बसतात आणि खारट म्हणजे अल्कधर्मी पाण्याने ते उघडतात, असे रसायनशास्त्र सांगते. मेथीचा बुळबुळीतपणा केसांवर राहून त्यांस मऊपणा आणतो. तात्पर्य, मळ काढणे आणि मार्दव राखणे ही दोन्ही कामे एकाच पातेल्यात होत असत.

खोबरेलाची गोष्ट याहूनही मनोरंजक आहे. न्हाण्याआधी डोक्यास तेल चोपडण्याची चाल ही केवळ समजूत आहे, की तिला काही आधार आहे, ह्याची परीक्षा मुंबईच्याच मॅरिको कंपनीतील रेळे आणि मोहिले ह्या दोघा संशोधकांनी केली व तिचा निष्कर्ष २००३ साली सौंदर्यप्रसाधनशास्त्राच्या एका अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी खनिज तेल, सूर्यफुलाचे तेल आणि खोबरेल अशी तीन तेले तुलनेस घेतली होती. धुण्यात आणि विंचरण्यात केसांतील जे प्रथिन झिजून जाते, ती झीज तिहींपैकी केवळ खोबरेलाने कमी झाली. कारण असे, की खोबरेलातील लॉरिक अम्लाचे रेणू आखूड आणि सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकतात. इतर दोन तेले बहुतेक वरच राहतात. आजीबाईंस ह्यातला रेणू ठाऊक नव्हता. परंतु तेल आधी आणि न्हाणे मागाहून, हा क्रम त्यांनी चुकविला नव्हता.

आता 'शाम्पू' हा शब्द घ्या. तो मूळचा आपल्याच देशातला. 'चांपना' म्हणजे दाबणे, चेपणे. त्यावरून 'चंपी' आणि त्याच धातूवरून इंग्रजीतील 'शाम्पू'. पाटण्याचा शेख दीन महंमद हा गृहस्थ इंग्लंडात जाऊन एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ब्रायटन येथे स्नानगृह चालवू लागला. तेथे तो वाफेचे स्नान घालून अंग चेपीत असे व पुढे राजे चौथे जॉर्ज व चौथे विल्यम यांच्याकडे त्यास ह्याच कामाची नेमणूक मिळाली. त्या काळी शाम्पू म्हणजे अंग रगडणे एवढाच अर्थ होता. डोके धुणे हा अर्थ त्यास त्या शतकाच्या उत्तरार्धात चिकटला, आणि विसाव्या शतकात तो शब्द बाटलीत भरून परत आपल्या घरी आला.

तो येण्याआधी साबण आला होता. कल्याणपर्यंतची आगगाडी १८५४ साली सुरू झाली आणि १८५६ साली तो मार्ग अंबरनाथ-बदलापुरावरून खोपोलीकडे गेला. घोडे बदलण्याचे ठाणे म्हणून बदलापूर, अशी ज्या गावाच्या नावाची व्युत्पत्ती लोक सांगतात, तेथे आता घोड्यांचे काम उरले नाही. आणि मुंबईच्या बंदरात उतरलेला माल काही तासांत तेथील वाण्याच्या दुकानी पोहोचू लागला. विलायती साबणाच्या मागोमाग देशी साबणही निघाले. स्वदेशीच्या चळवळीत गोदरेजांनी प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पतींच्या तेलांचा साबण काढला, तो १९१८-२० च्या सुमारास. सोवळे पाळणाऱ्या घरांतही त्यामुळे साबणास वाट मिळाली.

साबणाने मळ उत्तम निघे. पण केसांच्या बाबतीत त्यात दोन दोष होते. एक तर तो अल्कधर्मी, म्हणजे खवले उघडणारा. दुसरे, विहिरीच्या जड पाण्यातील चुन्याशी त्याचा संयोग होऊन एक चिकट साका तयार होई आणि तो केसांवर बसे. ह्यावर तोडगा म्हणून पाश्चात्य देशांत साबणाऐवजी कृत्रिम फेनद्रव्ये शोधून काढण्यात आली. अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल ह्या कंपनीचा 'ड्रीन' हा १९३४ च्या सुमाराचा शाम्पू त्यांपैकी अग्रेसर होय. त्याने साका राहीना; परंतु तो इतका निर्दय निघाला, की मळाबरोबर केसांचा सारा स्निग्धपणाही ओढून नेऊ लागला. शिकेकाईच्या पातेल्यात जी दोन कामे एकत्र नांदत होती, ती येथे फुटून निघाली. धुण्यास एक वस्तू, आणि धुण्याने झालेली हानी भरून काढण्यास दुसरी, अशी विभागणी झाली, आणि कंडिशनर हा स्वतंत्र पदार्थ जन्मास आला.

ह्या दुसऱ्या वस्तूचे तत्त्व फार सुंदर आहे. ओल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्-भार असतो, आणि जेथे केस अधिक झिजलेला तेथे तो भार अधिक. धन विद्युत्-भार असलेला एखादा पदार्थ पाण्यात मिसळून केसांवर ओतला, तर तो लोहचुंबकास खिळा चिकटावा तसा नेमका झिजलेल्या जागी जाऊन चिकटतो. अमोनियमच्या जातीची अशी धनभारित स्निग्ध द्रव्ये कापड मऊ करण्याच्या धंद्यातही वापरली गेली. कारण सूत काय आणि केस काय, तंतूचे दुखणे बरेचसे एकच. मोहरीच्या कुळातील तेलांपासून काढलेल्या एका अम्लाचे रूपांतर करूनही असे द्रव्य बनवितात व ते अनेक कंडिशनरांत असते. परंतु ह्या सर्वांत भारतीय वाचकास अधिक जिव्हाळ्याची वाटावी अशी वस्तू निराळीच आहे. ती म्हणजे गवार.

गवारीची भाजी मराठी घरांत कोणी नवी सांगावयास नको. ती वातूळ म्हणून तिला ओव्याची फोडणी द्यावी, हेही सर्वांस ठाऊक आहे. उल्हासनगरातील घरांत हीच गवार दुसऱ्या थाटाने येते. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व सोडून आलेली सुमारे लाखभर माणसे कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरली. दुसऱ्या महायुद्धासाठी बांधलेल्या त्या छावणीस ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील वस्त्या अजूनही 'कॅम्प नंबर एक', 'कॅम्प नंबर पाच' अशाच ओळखल्या जातात. ह्या मंडळींनी घरे आणि शेते मागे ठेवली, पण सवयी बरोबर आणल्या. डोके धुण्यास मेट नावाची माती, जिला आपण मुलतानी माती म्हणतो, ही सिंधमधली जुनी चाल. आणि ताटात सिंधी कढी : बेसन भाजून, चिंच घालून केलेली, आणि तीत भेंडी, शेवगा यांबरोबर गवारीच्या शेंगा. सिंध, राजस्थान, हरियाणा आणि गुजरात हा कमी पावसाचा वालुकामय पट्टा म्हणजे गवारीचे माहेरच. जेथे दुसरे पीक तग धरीत नाही, तेथे ती उभी राहते.

ही गवार मूळची कोठली, ह्याविषयी मोठा मनोरंजक वाद आहे. तिची रानटी जात कोठे आढळत नाही. थिओडोर हायमोविट्झ ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७२ साली असे मत मांडले, की आफ्रिकेतील तिच्या एका रानटी भावंडाचे बी अरब व्यापाऱ्यांच्या घोड्यांच्या चाऱ्याबरोबर हिंदुस्थानात आले आणि येथील शेतकऱ्यांच्या हाती ते पीक झाले. १९०३ साली हे बी हिंदुस्थानातून अमेरिकेस गेले, तेही चाऱ्यासाठीच. दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्राच्या काठच्या कॅरोब झाडाच्या बियांचा डिंक मिळेनासा झाला. कागदाच्या कारखान्यांस तो हवा असे. त्याची जागा घेणारे बी शोधता शोधता शास्त्रज्ञांस गवार सापडली. तेव्हापासून गुरांचा चारा आणि गरिबाची भाजी असलेली ही शेंग जगाच्या उद्योगात शिरली. जगातील गवारीपैकी बहुतांश, म्हणजे सुमारे चार-पंचमांश, भारतात पिकते, आणि तिच्या डिंकाचे मोठे केंद्र जोधपूर हे आहे.

गवारीचे बी फोडले की वरचे टरफल, मधला अंकुर आणि त्याच्या दोन्ही बाजूंस दोन पांढुरकी दळे असे भाग निघतात. टरफल आणि अंकुर यांचे चुरी व कोरमा हे पशुखाद्य होते. दळे वजनाने बियाच्या सुमारे एक-तृतीयांश भरतात. त्यांचे पीठ पाण्यात घातले की फुगून त्याचा दाट लगदा होतो. हाच डिंक. त्यावर रासायनिक क्रिया करून त्याच्या लांब साखळीस अमोनियमच्या जातीचे धनभारित गट ठिकठिकाणी जोडले, म्हणजे केसांसाठी उपयुक्त असे द्रव्य तयार होते. बाटलीच्या पाठीवर बारीक अक्षरांत 'ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड' असे लांबलचक नाव असते. ते वाचून भिण्याचे कारण नाही. त्यातले पहिले अक्षर-युग्म आपल्या मंडईतील आहे.

ह्या द्रव्याचा उपयोग शाम्पूत १९७० नंतर होऊ लागला. त्याची खुबी अशी, की बाटलीत असताना ते फेनद्रव्यात गुण्यागोविंदाने विरघळून राहते. केसांवर शाम्पू चोळून पाणी ओतले की फेनद्रव्य पातळ होते, आणि त्याच क्षणी गवारीचा डिंक त्याच्याशी मिळून एक मऊ, दाट अंश बनतो व केसांवर स्थिरावतो. म्हणजे मळ काढून झाल्यावर, धुऊन टाकतानाच लेप बसतो. हे साधण्यास डिंक लागतो तोही किती? बहुधा शेकडा अर्ध्या भागाहूनही कमी. १९८७ च्या सुमारास धुणे आणि मऊ करणे ही दोन्ही कामे एकाच बाटलीत करणारे शाम्पू परदेशी बाजारात गाजले. त्यांत सिलिकोन नावाचे द्रव्य असे, आणि अशी द्रव्ये केसांवर नेऊन बसविण्याचे कामही पुढे गवारीच्या डिंकाकडे आले. पन्नास वर्षांपूर्वी फुटून निघालेली कामे पुन्हा एकत्र आली. शिकेकाईच्या पातेल्याने जे साधले होते, तेथे विज्ञान मोठा वळसा घेऊन परत आले, असे म्हणावयास हरकत नाही.

हा माल घरोघर पोहोचविण्याचे श्रेय मात्र विलायतेचे नव्हे. तामिळनाडूतील कडलूर येथील चिन्नी कृष्णन् यांनी, आणि पुढे त्यांच्या पुत्रांनी, १९८० च्या आसपास शाम्पू लहान पुडीत भरून विकण्याची कल्पना रूढ केली. ज्या घरास बाटली परवडत नव्हती, त्या घरात पुडी गेली. आज बदलापूरच्या आसपासच्या कातकरी पाड्यावरील दुकानातही ह्या पुड्यांच्या माळा लोंबताना दिसतात; आणि त्याच रानात शिकेकाईची वेल उभी असते.

येथवरची कथा प्रगतीची झाली. परंतु हिशेबाची दुसरी बाजू वाचल्यावाचून इतिहास पुरा होत नाही. अंबरनाथास आगपेट्यांचा मोठा कारखाना १९२० नंतरच्या दशकातच उभा राहिला होता. शहाड येथे रेयॉनचे सूत निघू लागले ते १९५० नंतरच्या दशकात. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे अंबरनाथ व बदलापूर येथे रसायनांचे, औषधांचे आणि रंगांचे पुष्कळ कारखाने आले. त्यांनी हजारो कुटुंबांस पोटाला दिले, हे विसरून चालणार नाही. तथापि त्याच मुदतीत वालधुनीचे पाणी नासले. ज्या नदीकाठी शिलाहारांनी देवालय उभारले, ती देवळापाशीच काळवंडलेली दिसू लागली. २०१४ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस कोणी तिच्या पात्रात रासायनिक द्रव चोरून ओतला. त्याच्या वायूने उल्हासनगरातील शेकडो माणसांचा श्वास कोंडला आणि त्यांस इस्पितळात न्यावे लागले. 'वनशक्ती' ह्या संस्थेच्या अर्जावरून राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली ह्या पट्ट्यातील सांडपाणी-प्रक्रिया केंद्रांस व स्थानिक संस्थांस जबर भरपाई देण्याचा आदेश केला.

हा दोष केसांच्या द्रव्यांचा आहे, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. त्या पट्ट्यात नाना तऱ्हेचा माल निघतो, आणि सांडपाण्यात शहरांचे मैलापाणीही फार मोठे आहे. उलट, वनस्पतिजन्य तेवढे निरुपद्रवी आणि रासायनिक तेवढे विषारी, ही समजूतही खरी नाही. रिठ्यातील फेस माशांस मारक आहे. अमोनियमच्या जातीची स्निग्ध द्रव्येही जलचरांस अपायकारक आहेत. भेद आहे तो मात्रेचा आणि पाणी कोठे जाते ह्याचा. पूर्वी महिन्यातून चार वेळा न्हाणे होई आणि न्हाणीचे पाणी परसातील केळीच्या नि अळूच्या आळ्यात जाई. पाण्यात काही वाईट असेल, तर ते घरच्या अळूवर दिसे, आणि घरची गृहिणी ते पाही. आता लाखो घरांचे पाणी मोरीतून नळात आणि नळातून नदीत जाते. ते कोणाच्याच डोळ्यांसमोर राहत नाही. आणि उल्हास नदीचे पाणी तर ह्याच पंचक्रोशीतील माणसे पितात.

एवढ्यासाठी कोणी शाम्पू टाकून पुन्हा उखळ-मुसळ हाती घ्यावे, असा ह्या इतिहासाचा उपदेश नाही. पूर्वीचे ते कुटणे-कढविणे कोणाच्या कष्टांतून होत असे, हे ज्या स्त्रियांनी ते केले त्यांस विचारावे. नव्या विद्येने ते कष्ट वाचविले, गरिबाच्या मुलीचे केसही सुबक राहू लागले, आणि राजस्थानातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या गवारीस जगाचा बाजार मिळाला, ह्या गोष्टी लहान नव्हेत. पण जुन्या रीतीत एक गुण होता, तो नव्या रीतीत आपोआप येत नाही : वस्तू कोठून आली आणि वापरल्यावर कोठे गेली, हे घरास ठाऊक असे. ती माहिती आता घराबाहेर गेली आहे. ती परत मिळवावयाची तर बाटलीवरील बारीक अक्षरे वाचावी लागतील, नगरपालिकेस सांडपाण्याचा जाब विचारावा लागेल, आणि प्रक्रिया-केंद्र चालू आहे की बंद, ह्याची चौकशी नागरिकांनी करावी लागेल. वालधुनीच्या काठचे देऊळ साडेनऊशेहून अधिक वर्षे उभे आहे. त्याच्या पायऱ्यांशी पुन्हा स्वच्छ पाणी वाहू लागेल, तो दिवस ह्या टापूच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगा ठरेल.